शेअर प्रीमियम उत्पन्नात आणि डिव्हिडंड खर्चात? नोंदी नेमक्या कशा टाकायच्या

टॉवेल_खतावणी
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघते. आधी मालकांची एकट्याची फर्म होती, तीन वर्षांपूर्वी प्रायव्हेट लिमिटेड झाली. शेअरहोल्डर सगळे घरचेच: मालक, मालकीणबाई, दोन मुलं आणि एक मामा.

यंदा नवीन लूमसाठी पैसे उभे केले. जुने शेअर ८०,०००, दर्शनी किंमत १० रुपये. त्यांनाच राइट्समध्ये नवीन २०,००० शेअर दिले, १० रुपये दर्शनी आणि त्यावर ४० रुपये प्रीमियम. अर्जाबरोबर ३ रुपये, वाटपाच्या वेळी ४४ (त्यात प्रीमियम ४०), शेवटचा कॉल (म्हणजे हप्ता) ३ रुपयांचा, मुदत ३१ जुलै २०२५. मामांनी ५०० शेअरचा कॉल अजून भरलेला नाही. मग जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, बोर्डानं २० टक्के अंतरिम लाभांश जाहीर केला. शेअरमागे २ रुपये, एकूण २ लाख.

मी प्रीमियमचे ८ लाख 'इतर उत्पन्न'मध्ये टाकले आणि २ लाख लाभांश अप्रत्यक्ष खर्चात. काल सीएंच्या ऑफिसातून फाइल परत आली. दोन्ही नोंदींवर लाल शेरा, 'चूक, उलटवा' एवढंच. मालक विचारतायत, "बँकेत पैसे आले ते उत्पन्न नाही, आणि बँकेतून गेले तो खर्च नाही, मग हे आहे तरी काय?" मला त्यांना नीट उत्तर द्यायचंय. नुसत्या नोंदी नकोत, कारणही सांगा.

बाळीवेस
उलटवा म्हटलंय ना, मग उलटवा की ओ ताई. मार्चमध्ये सीएला 'का' विचारायचं नसतं, जून-जुलैत विचारायचं. :)

निवृत्त_मुनीम
बाळीवेस, त्या 'का' विचारतायत हे फार चांगलं करतायत. मी चाटी गल्लीत एका पेढीवर पस्तीस वर्षं लाल वह्या लिहिल्या, माझ्या अनुभवाचं सांगतो.

पेढीत मालकानं पैसे घातले की 'भांडवल जमा', घरी नेले की 'उचल नावे'. यातलं काहीच नफा-तोट्याला जात नसे. मालकानं दिवाळीत घरी पन्नास हजार नेले म्हणून चादरीचा धंदा तोट्यात गेला, असं आम्ही कधी लिहिलं नाही. सूत घेतलं, मजुरी दिली, रंगाई दिली तर खर्च. चादर विकली तर उत्पन्न. मालकाशी झालेली देवघेव निराळ्या पानावर.

कंपनीत मालकाच्या जागी शेअरहोल्डर आला, एवढाच फरक. प्रीमियम म्हणजे त्यानं घातलेले पैसे, लाभांश म्हणजे त्यानं नेलेले. तुमच्या मालकांना ही जुनी वही आठवून द्या, लगेच समजेल.

टॉवेल_खतावणी
काका, हे पटलं. आमच्याकडे फर्म असताना उचल खातं होतंच, आणि ते मी कधी खर्चात टाकलं नव्हतं. 'लाभांश' हा शब्द आला आणि गोंधळले.

सीए_होटगीरोड
मुनीमकाकांनी पाया घातलाय, त्यावर नोंदी चढवतो (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट). आधी शेअर वाटपाच्या:

बँक खाते नावे ६०,०००
शेअर अर्ज खाते जमा ६०,०००

शेअर अर्ज खाते नावे ६०,०००
शेअर भांडवल खाते जमा ६०,०००

शेअर वाटप खाते नावे ८,८०,०००
शेअर भांडवल खाते जमा ८०,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खाते जमा ८,००,०००

वाटपाचे पैसे आले की बँक नावे, वाटप खाते जमा. पुढे कॉल:

शेअर कॉल खाते नावे ६०,०००
शेअर भांडवल खाते जमा ६०,०००

बँक खाते नावे ५८,५००
थकीत कॉल खाते नावे १,५००
शेअर कॉल खाते जमा ६०,०००

प्रीमियम उत्पन्नात का नाही, याला कायद्याचाही आधार आहे. कंपनी कायदा २०१३, कलम ५२. प्रीमियमची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि ठरलेल्या कामांनाच वापरायची: बोनस शेअर, प्राथमिक खर्च किंवा शेअर विक्रीचा खर्च व कमिशन निर्लेखित करणं, प्रेफरन्स शेअर वा डिबेंचर परतफेडीवरचा प्रीमियम, बायबॅक. त्यातून लाभांश वाटता येत नाही. उत्पन्नात टाकलंत तर ते नफ्यात मिसळतं, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी 'नफा शिल्लक आहे' म्हणून तोच पैसा लाभांशात वाटून टाकतो. लूमसाठी आणलेलं भांडवल असं दारातून बाहेर जातं, आणि कंपनीला ज्यांनी उधारीवर सूत दिलंय त्यांच्या पैशामागचा आधार जातो. मला या चुकीची खरी भीती वाटते ती इथं.

वर्ष अजून बंद झालेलं नाही, त्यामुळे दुरुस्ती सोपी आहे. 'इतर उत्पन्न' नावे ८ लाख, 'सिक्युरिटीज प्रीमियम' जमा ८ लाख. स्पष्टीकरणात मूळ व्हाउचरचा नंबर जरूर लिहा.

नवीपेठ_ट्रेडर
पण प्रीमियमवर टॅक्स लागतो असं मी ऐकलंय. मग उत्पन्नच झालं ना ते?

सीए_होटगीरोड
तुम्ही ऐकलंय तो 'एंजल टॅक्स'. खासगी कंपनीनं वाजवी मूल्यापेक्षा जास्त दरानं शेअर दिले तर वरची रक्कम आयकरात उत्पन्न धरली जायची. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ती तरतूद काढून टाकली. आणि ती होती तेव्हाही पुस्तकातली नोंद प्रीमियम खात्यातच होत होती, कर फक्त विवरणपत्रातल्या आकडेमोडीत यायचा.

टॉवेल_खतावणी
सर, मग आणखी एक चूक झालीय. मी पुस्तकातल्या नफ्यावरून अॅडव्हान्स टॅक्स काढला होता. प्रीमियमनं नफा ८ लाखांनी वाढला, लाभांशानं २ लाखांनी घटला, म्हणजे ६ लाखांनी फुगलेला नफा.

सीए_होटगीरोड
कंपनी कराच्या नवीन दरात असेल तर अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के. ६ लाखांवर १,५१,००८ रुपये जास्त भरलेत. विवरणपत्र भरलं की परतावा येईल, पण तोवर खेळतं भांडवल अडकलं. मालकांना 'हे आहे तरी काय' याचं उत्तर द्यायचं तर हा आकडा दाखवा. त्यांचा पुढचा प्रश्न येणार नाही.

टॉवेल_खतावणी
दीड लाख... काल पगाराला ओव्हरड्राफ्ट काढला आम्ही.

कडकभाकरी
ताई, वाईट वाटून घेऊ नका. मार्चच्या आत सापडलं हे महत्त्वाचं. सप्टेंबरात सापडलं असतं तर ऑडिट, विवरणपत्र सगळंच उसवावं लागलं असतं.

बारावी_कॉमर्स
मला एक जोडायचंय. मामांचे ५०० शेअर जप्त केले तर?

शेअर भांडवल नावे ५,०००
थकीत कॉल जमा १,५००
शेअर जप्ती खाते जमा ३,५००

प्रीमियम मामांनी आधीच भरलाय म्हणून त्याला हात लावायचा नाही. मग तेच शेअर ८ रुपयांना पूर्ण भरणा झालेले म्हणून दुसऱ्याला दिले तर बँक नावे ४,०००, जप्ती खाते नावे १,०००, भांडवल जमा ५,०००. उरलेले २,५०० भांडवली राखीव निधीला. बरोबर ना? परीक्षेत मी प्रीमियमही उलटवला आणि मार्क गेले, तेव्हापासून हे डोक्यात पक्कं बसलंय.

सीए_होटगीरोड
अगदी बरोबर. प्रीमियम मिळालेला नसता तर मात्र तोही नावे टाकावा लागला असता. आणि पुन्हा देताना सूट जप्तीच्या रकमेपेक्षा जास्त देता येत नाही. तुझ्या उदाहरणात शेअरमागे ७ जमा आणि सूट २, चालतं.

निवृत्त_मुनीम
शाब्बास पोरा. पण घरच्या माणसाचे शेअर दीड हजारासाठी जप्त करायचे? मामा पुढच्या लग्नाला यायचे नाहीत.

मूळची_सोलापूरची
मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी आहे, माहेर साखर पेठेतलं. जप्तीपर्यंत जायची वेळच यायला नको होती. तुमच्या नियमावलीत टेबल एफ (कंपनी कायद्यातली नमुना नियमावली) स्वीकारलंय का बघा, बहुतेक छोट्या कंपन्यांत असतंच. त्यानुसार तीन गोष्टी सांगते.

जप्तीआधी नोटीस द्यावी लागते आणि तीत निदान १४ दिवसांची मुदत लागते. परस्पर नोंद टाकली तर ती टिकणार नाही.

दुसरं, थकलेल्या कॉलवर १० टक्के वार्षिक दरानं व्याज लागतं. बोर्ड ते माफही करू शकतं.

तिसरं या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं. लाभांश भरलेल्या रकमेच्या प्रमाणात द्यायचा असतो. मामांच्या त्या ५०० शेअरवर १० पैकी ७ रुपयेच भरलेत, म्हणजे २० टक्के दरानं शेअरमागे १ रुपया ४० पैसे होतात. तुम्ही सरसकट २ रुपये दिले असतील तर ३०० रुपये जास्त गेलेत.

शिवाय सदस्याकडून कॉलची रक्कम येणं असेल तर बोर्ड ती लाभांशातून कापून घेऊ शकतं. जानेवारीतच मामांच्या लाभांशातून १,५०० वळते केले असते तर आज हा प्रश्नच उरला नसता.

टॉवेल_खतावणी
टेबल एफच आहे, आत्ता फाइल काढून बघितलं. नवीन शेअर लाभांशाला जुन्यांच्या बरोबरीनं धरायचे असं वाटपाच्या अटीत आहे, पण अपुऱ्या भरण्याबद्दल काही नाही. मामांचे एकूण ५,००० शेअर, त्यांना १०,००० पाठवले. ९,७०० जायला हवे होते.

तीन महिने रोज ही फाइल माझ्या टेबलावर आहे आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मनापासून आभार.

बाळीवेस
माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. 'का' मार्चमध्येही विचारावं.

सीए_होटगीरोड
आता लाभांशाच्या नोंदी.

बोर्डानं जाहीर केल्या दिवशी:
अंतरिम लाभांश खाते नावे २,००,०००
देय लाभांश खाते जमा २,००,०००

पाच दिवसांच्या आत ही रक्कम शेड्यूल्ड बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, कलम १२३. घरची कंपनी म्हणून यातून सुटका नाही. टॅलीत ही नोंद कॉन्ट्रामध्ये करा: लाभांश बँक खाते नावे, चालू खाते जमा.

देताना:
देय लाभांश खाते नावे २,००,०००
देय टीडीएस खाते जमा १९,०००
बँक खाते जमा १,८१,०००

१९,००० मी असे धरले: निवासी व्यक्तीला वर्षाचा लाभांश १०,००० पर्यंत असेल तर टीडीएस नाही (१ एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ५,००० होती). मामा बरोबर १०,००० वर आहेत म्हणून सुटले, बाकीच्यांच्या १,९०,००० वर १० टक्के.

वर्षअखेरीला अंतरिम लाभांश खातं बंद होतं ते राखीव व अधिशेषातल्या नफ्याच्या शिलकीत. टॅलीत ते लेजर 'रिझर्व्ह्ज अँड सरप्लस' गटाखाली काढा. खर्चाच्या गटाखाली काढलं की कितीही बरोबर नोंद टाका, ती नफा-तोटा पत्रकात जाऊन बसणारच. तुमचं गाडं तिथंच अडकलंय असा माझा अंदाज आहे.

टॉवेल_खतावणी
हो सर, तेच. लेजर काढताना 'अंडर' पुढे 'इनडायरेक्ट एक्स्पेन्सेस' निवडलं होतं. टीडीएस मात्र १९,००० कापून ७ फेब्रुवारीच्या आत भरलाय. वेगळं बँक खातं उघडलं नव्हतं, थेट चालू खात्यातून पैसे गेले.

सीए_होटगीरोड
मग झालं तसंच दाखवा, कॉन्ट्रा मागच्या तारखेनं रचू नका. ऑडिटरना सांगा. पुढच्या वेळी जाहीर करायच्या आधीच खातं उघडून ठेवा.

निवृत्त_मुनीम
एक शंका. आम्ही ३१ मार्चला 'प्रस्तावित लाभांश' म्हणून तरतूद धरायचो. वार्षिक सभा पुढे सप्टेंबरात, पण ताळेबंदात आकडा आधीच दिसायचा. आता ती नोंद कुठं गेली?

सीए_होटगीरोड
काका, २०१६ मध्ये लेखामानक ४ मध्ये बदल झाला. ३१ मार्चनंतर जाहीर होणाऱ्या लाभांशाची त्या तारखेला देणी म्हणून नोंद करायची नाही, फक्त टिपांमध्ये उल्लेख करायचा. विचार असा की बोर्ड नुसती शिफारस करतं, सभेनं मंजूर करेपर्यंत कंपनी कुणाचं देणं लागत नाही. सभेत मंजूर झालं की त्या दिवशी नफ्याची शिल्लक नावे, देय लाभांश जमा.

निवृत्त_मुनीम
म्हणजे सभेची तारीख हीच नोंदीची तारीख. पटलं. आम्ही जे शिकलो ते त्या काळी बरोबर होतं, आता हे बरोबर. आजच डायरीत लिहून ठेवतो.

पतसंस्था_सचिव
थोडं बाजूला जातो. आमची पतसंस्था सहकार कायद्याखाली येते. निव्वळ नफ्यातला किमान २५ टक्के आधी राखीव निधीला, आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही. दरवर्षी सभेत कुणीतरी उठून म्हणतंच, "कंपन्या तीस-चाळीस टक्के देतात, तुम्ही का नाही?" हा धागा छापून लावावा म्हणतो.

सातरस्ता
कंपन्यांचे ते टक्के दर्शनी किमतीवर असतात, हेही तिथं सांगा. १० च्या शेअरवर ४० टक्के म्हणजे ४ रुपये. तो शेअर कुणी ५०० ला घेतला असेल तर त्याच्या हाती एक टक्कासुद्धा येत नाही.

कडकभाकरी
लाभांशावरून आठवलं. आजोबा गिरणीत जॉबर होते. जुनी गिरण १८७७ ची, तिच्या भोंग्यावर शहर उठायचं असं ते सांगत. त्यांच्या ट्रंकेत मला दुसऱ्याच एका कंपनीचे कागदी शेअर सापडले, सोबत न वटवलेली लाभांशाची दोन वॉरंटं (चेकसारखे कागद). कडेला छिद्रांची रेघ, घडीवर कागद पिवळा पडलेला, मागं निळ्या शाईत आजोबांच्या अक्षरात 'सोमवारी बँकेत'. तो सोमवार राहूनच गेला. आता त्या पैशाचं काय होतं?

मूळची_सोलापूरची
वाचून गलबललं. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत न गेलेला लाभांश पुढच्या ७ दिवसांत 'अदत्त लाभांश खात्या'त जातो. तिथं ७ वर्षं पडून राहिला तर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ), आणि सलग ७ वर्षं लाभांश न घेतलेले शेअरही तिकडंच. पण हक्क संपत नाही. कंपनी चालू असेल तर वारसाचे कागद जोडून आयईपीएफ-५ या ऑनलाइन अर्जानं परत मागता येतं. मूळ कागद लॅमिनेट करू नका.

नवीपेठ_ट्रेडर
माझं मत थोडं वेगळं. घरच्या कंपनीत लाभांश वाटायचाच कशाला? मालकांनी पगार घ्यावा, तो खर्चात जातो. कंपनीनं कर भरून पुन्हा लाभांशावर घरच्यांनी कर भरायचा, हा दुहेरी भुर्दंड आहे.

सीए_होटगीरोड
जो संचालक रोज कारखान्यात राबतो त्यानं वाजवी पगार घ्यावाच, तो खर्च खरा आहे. पण मामा कारखान्यात येत नाहीत, त्यांनी पैसे घातलेत. त्यांना पगार दाखवणं खोटं ठरेल. कामाचा पगार, पैशाचा लाभांश.

एक धोका मात्र सांगतो, फर्ममधून कंपनीत आलेल्या मालकांना तो हमखास भोवतो. जुन्या सवयीनं ते कंपनीतून 'उचल' घेतात. ज्याच्याकडं १० टक्के किंवा जास्त मताधिकार आहे अशा शेअरहोल्डरला घरच्या कंपनीनं कर्ज वा उचल दिली, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत आयकर खातं ती 'मानीव लाभांश' धरतं. उद्या परत केली तरी. मुनीमकाकांची उचल फर्मच्या वहीत निर्धोक होती, कंपनीच्या वहीत ती नको.

टॉवेल_खतावणी
दिवाळीत मालकांनी घेतलेले ७५,००० 'मालक उचल'मध्ये आहेत. उद्याच तुमच्यासारख्या कुणाशी, म्हणजे आमच्या सीएंशी समोर बसून बोलते.

बारावी_कॉमर्स
प्रीमियमच्या ८ लाखांतून बोनस शेअर देता येतील ना? प्रीमियम नावे, भांडवल जमा?

मूळची_सोलापूरची
नोंद बरोबर. पण अर्धवट भरलेले शेअर आधी पूर्ण भरलेले व्हावे लागतात, कलम ६३. म्हणजे मामांचे १,५०० आले नाहीत तर सगळ्या घराचा बोनस अडतो. बघा, गाडी फिरून तिथंच आली.

टॉवेल_खतावणी (३१ मार्च, रात्री ९:२०)
कालपासून इथं आले नाही म्हणून क्षमस्व. मालकांना काकांची वही आणि सरांचे १,५१,००८ दोन्ही सांगितलं. आकडा ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पुढच्या वेळी नोंद टाकायच्या आधी मलाच विचार." मी म्हटलं, "तुम्हाला नाही, सीएंना."

मामांना नोटीस पाठवली नाही, फोन केला. त्यांना वाटत होतं कॉल केव्हाच भरलाय. दुपारी चहा पिता पिता यूपीआयनं पैसे पाठवले, ३०० जादा गेलेले त्यांना मान्य, आणि व्याज माफ करायलाही त्यांनीच नको म्हटलं. ३१ जुलै ते ३१ मार्च, आठ महिने.

मामा येणे खाते नावे ३००
अंतरिम लाभांश खाते जमा ३००

बँक खाते नावे १,९००
थकीत कॉल खाते जमा १,५००
मामा येणे खाते जमा ३००
थकीत कॉलवरील व्याज खाते जमा १००

हे व्याज उत्पन्नात टाकलंय, ते बरोबर आहे ना सर?

सीए_होटगीरोड
बरोबर. नवीन शेअरपोटी कंपनीत १०,००,१०० आले, त्यातलं उत्पन्न ते १०० रुपये.